विनीत, मुळे

"मुळेजी को जाने दो, पर नाम उनका रहने दो."

प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडून हे वाक्य आलं आणि पाठोपाठ बशीत चमचा वाजला. बापलेक पोहे खात होते. प्रकाशजी, म्हणजे आमचे मालक, काहीतरी पुटपुटले. त्यांचा मुलगा रौनकभैया म्हणाला, "पापा, पार्टी नाम देख के मेल खोलती है. मेरे नाम से कौन खोलेगा?"

पार्टिशनच्या अलीकडे माझं टेबल होतं आणि समोरच्या खुर्चीत मुळेकाका. चष्मा कपाळावर चढवून ते एक देवनागरी प्रिंटआउट वाचत होते. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं आणि पार्टिशन डावीकडे होतं. त्यामुळे त्यांनी ते वाक्य ऐकलं की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. लाल पेन्सिलीने एक शब्द खोडत ते एवढंच म्हणाले, "चित्राबाई, 'शीघ्र' दोनदा आलंय. घाई एकदाच दाखवावी. दोनदा दाखवली की समोरच्याला आपली गरज कळते."

मी 'शीघ्र' एकदाच ठेवलं.

देवासच्या इंडस्ट्रियल एरियात आमचा छोटा कारखाना होता. धान्य साफ करायची यंत्रं तिथे बनत. हलणाऱ्या चाळण्यांवरून सोयाबीन, गहू, हरभरा जायचा आणि खडे, भुसा, फुटके दाणे वेगळे पडायचे. गिऱ्हाइकं म्हणजे डाळमिलवाले, बियाणांच्या सोसायट्या, मंडीतले आडते. या सगळ्यांशी पत्रव्यवहार मुळेकाका करत. पुढे रौनकभैयाने कार्डं छापली, तेव्हा त्यांच्या नावाखाली 'ईमेल मार्केटिंग' असं आलं. मुळेकाकांनी कार्डांचा गठ्ठा खणात टाकला आणि वर पंचिंग मशीन ठेवलं. "मार्केट म्हणजे बाजार," ते म्हणाले. "बाजारात माणूस ओरडतो. मी कुणाच्या तरी दारात जातो. ही दोन वेगळी कामं आहेत."

मला घेतलं होतं इंग्रजीसाठी. माझे वडील नोकरीसाठी नाशिककडून देवासला आले, मी सिस्टरांच्या शाळेत शिकले. घरात मराठी, गल्लीत हिंदी, वहीत इंग्रजी. मराठी वाचताना मी अडखळायचे आणि तीनही भाषांत गप्प बसायचे. मुळेकाकांना यातलं सगळं पहिल्याच दिवशी कळलं. "इंग्रजी शाळेतल्या मुली सॉरी फार लवकर म्हणतात," ते म्हणाले. "कोणाला आणि कशाबद्दल, हे मात्र त्यांना ठाऊक नसतं." मी सॉरी म्हणाले. ते हसले नाहीत. ते फारसे हसतच नसत. ऑफिसात मला कोणी बेटा म्हणे, कोणी मॅडम. ते मात्र शेवटपर्यंत 'चित्राबाई' आणि 'तुम्ही' म्हणाले, आणि त्या 'तुम्ही'त माया कमी, अंतर जास्त होतं.

ते मूळचे धारचे. घराणं संस्थानच्या नोकरीतलं, आजोबा दरबारच्या दफ्तरात. हे त्यांनी मला गरजेपेक्षा जास्त वेळा सांगितलं. त्यांचं मराठीही त्या दफ्तरातूनच आल्यासारखं होतं. ते 'फोन केला' म्हणत नसत, 'फोनवरून विचारणा केली' म्हणत. पुण्यामुंबईच्या मराठीला नावं ठेवत, देवासच्या मराठीला त्याहून जास्त. आमच्यासारख्या कारखान्यांमागोमाग आलेल्या कुटुंबांना ते 'नवी मंडळी' म्हणायचे, माझ्या वडिलांना इथे येऊन वीस वर्षं होऊन गेली होती तरी. शनिवारी संध्याकाळी बसने इंदूरमार्गे धारला जायचे आणि सोमवारी परत यायचे. मधले दिवस स्टेशन रोडला एका खोलीत. पोह्यांवर शेव घातलेली त्यांना चालत नसे. शेव कागदात वेगळी बांधून घेत आणि पोहे संपल्यावर शेव खात. "एकावर दुसरं लपवायची या शहराला सवय आहे," असं म्हणत.

मे महिन्यातही त्यांच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद असत आणि उजवा हात खिशात. तो हात थरथरायचा. एका मोठ्या कारखान्याच्या पत्रव्यवहार विभागात त्यांनी आयुष्य काढलं होतं. टाइपरायटरवर त्यांचा वेग असा होता म्हणे की, साहेब बोलून संपवायचे तेव्हा कागद बाहेर आलेला असायचा. मग तो कारखाना आक्रसला, लोकांना घरी पाठवलं, आणि पुढे हात गेला. म्हणून त्यांनी सांगायचं आणि मी टाइप करायचं.

ते बसून सांगत नसत. खुर्चीमागे उभे राहत, तोंड खिडकीकडे. "नमस्कार गोवर्धनजी," असं कन्नौदच्या एजंटाला उद्देशून म्हणताना त्यांची मान खरोखर किंचित वाकायची. मी हिंदी रोमन अक्षरांत टाइप करायचे, कारण देवनागरी फॉन्टमधून पाठवलेलं तिकडे पोचेपर्यंत चौकोन आणि प्रश्नचिन्हं होऊन जायचं. ती रोमन हिंदी त्यांना पाहवत नसे. "लग्नाला दुसऱ्याचा कोट घालून गेल्यासारखं वाटतं." त्यामुळे ते स्क्रीनकडे बघत नसत. मी मोठ्याने वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं. माझा आवाज त्या ऑफिसात लोकांनी ऐकला तो एवढाच.

वाचून झालं की त्यांचा प्रश्न ठरलेला. "हे त्या माणसाच्या दारात उभं राहून म्हणता येईल का?"

'सीमित अवधि का सुनहरा अवसर' असं मी एकदा कुठल्याशा जाहिरातीत वाचून घातलं होतं.

"कन्नौदला जा," ते म्हणाले. "गोवर्धनजी ओसरीवर बसलेत. त्यांनी तुम्हाला पाणी दिलंय. आता म्हणा, सुनहरा अवसर."

मी ते काढून टाकलं.

लोकांना वाटतं त्यांना कॉम्प्युटरचा राग होता. उलट होतं. आमच्याकडे ईमेल आली तेव्हा प्रकाशजी अजून छापील पत्रकं पोस्टाने पाठवत होते आणि ती आडत्यांच्या दुकानात भजी बांधायला जात होती. मुळेकाकांनीच त्यांना समजावलं. "सेठजी, पत्रक सबको एक ही जाता है. ये हर एक को अलग जा सकती है. डाक का खर्चा नहीं. सुबह लिखो, दोपहर में जवाब. और जवाब आया, मतलब आदमी जिंदा है, मशीन चालू है, और हमको भूला नहीं है." यंत्र विकून झालं की विकणारा गायब होतो, ही गिऱ्हाइकाची खरी तक्रार असते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सोयाबीनचा हंगाम यायच्या आधी ते प्रत्येकाला एकच विचारत: मागच्या वर्षी चाळणीने काही त्रास दिला का?

प्रकाशजी घाबरले. "मुळेजी, आप तो शिकायत माँग रहे हो!"

"हाँ. चुप आदमी दूसरी दुकान जाता है. शिकायतवाला वापस आता है."

पीपलरावां गावातल्या एका बियाणं सोसायटीकडून पानभर तक्रार आली. चाळणीची भोकं बुजतात, पट्टा सरकतो, तुमचा फिटर चहा पिऊन निघून गेला. मुळेकाकांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा आनंद पाहिला. त्या फिटरला त्यांनी परत पाठवलं आणि सोसायटीला लिहिलं की, यावेळी चहा काम झाल्यावर द्यावा. सोसायटीने नवी चाळणी घेतली, पुढच्या वर्षी दुसरं यंत्र घेतलं, आणि शेजारच्या गावातल्या दोघांना आमचा पत्ता दिला.

मोहनखेड्याच्या जैन तीर्थाजवळ यात्रेकरूंची एक भोजनशाळा होती. धान्याची साफसफाई तिथे हाताने चालायची. त्यांना लिहिताना मुळेकाकांनी यंत्राची क्षमता, मोटर, विजेचा खर्च, यातलं काहीच घातलं नाही. एवढंच सांगितलं की, धान्यातले किडे या यंत्रात चिरडत नाहीत, जिवंत बाजूला निघतात. येऊन स्वतः पाहा. ती मंडळी आली, वाकून किडे पाहिले आणि यंत्र घेऊन गेली. "यंत्र तेच," मुळेकाका म्हणाले. "पण प्रत्येकाला त्यातलं वेगळं हवं असतं. पत्रकाला हे कळत नाही."

हे सांगताना ते प्रेमळ वाटतात, तसे ते नव्हते. चुकलेल्या शब्दासाठी त्यांनी मला रडवलं आहे. कोणाचं कौतुक झालं की ते खिडकीबाहेर बघत. आलेली प्रत्येक मेल ते प्रिंट करून तपासत, अगदी भुरटीसुद्धा. एकदा कुठल्याशा परदेशी लॉटरीत त्यांना मोठं बक्षीस लागल्याची मेल आली. माझ्याकडून वाचून घेतल्यावर त्यांनी लाल पेन्सिलीने चुका काढल्या आणि इंग्रजी करून पाठवायला उत्तर सांगितलं: 'महोदय, आपण मला श्रीमती संबोधले आहे. ज्यास एवढी रक्कम द्यावयाची, तो पुरुष की स्त्री याची खात्री करून घ्यावी. विनीत, मुळे.' मी म्हणाले, "काका, हे सगळ्यांनाच जातं, उत्तर द्यायचं नसतं." ते म्हणाले, "सगळ्यांना जातं म्हणूनच तो इतकं खोटं लिहू शकला. एकालाच लिहायचं असतं तर धीर झाला नसता."

'विनीत, मुळे.' प्रत्येक पत्राखाली हे यायचं. इतका अविनीत माणूस मी पाहिला नव्हता, म्हणून मला त्याचं हसू येई. त्यामागची गोष्ट कळायला बरेच दिवस गेले. मोठ्या कारखान्यात त्यांनी हजारो पत्रं लिहिली, पण सही साहेबांची. पार्ट्या साहेबांना म्हणायच्या, काय पत्र लिहिता हो! साहेब मान डोलवायचे, आणि हे मागे फाइल घेऊन उभे. आमच्याकडे रुजू झाल्यावर पहिलं पत्र सांगून झालं आणि सवयीने ते प्रकाशजींना म्हणाले, नीचे आपका नाम. प्रकाशजी म्हणाले, "अरे, लिखा आपने है, नाम भी अपना डालो." माणूस कंजूष होता, पण त्या दिवशी त्याने मुळेकाकांना जे दिलं ते त्यांना कुणीच दिलं नव्हतं. ते नाव लोक ओळखू लागले. कन्नौदच्या मंडीत कोणी विचारलं, मशीन किसकी, तर कारखान्याचं नाव न सांगता लोक 'मुळेजीवाली' म्हणत. हे कानावर आलं त्या दिवशी त्यांनी शेव पोह्यांवर टाकून खाल्ली.

कन्नौदचे गोवर्धनजी हे त्यातलं सगळ्यात जवळचं घर. धान्याची आडत आणि आमच्या यंत्रांची एजन्सी. त्यांना स्वतःला वाचता बेताचंच यायचं. मोठा मुलगा दिनेश बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन मेल छापून आणायचा आणि ओसरीवर सगळ्यांना वाचून दाखवायचा. उत्तरंही तोच लिहायचा. शेवटी स्वतःचं एक वाक्य घालायचा: 'काकाजी, मैडम को बोलना टाइपिंग अच्छी है.' मुळेकाका म्हणायचे, "हा मुलगा तुमची स्तुती करतोय की माझी मजा, कळत नाही."

श्रावणात दिनेशची मोटरसायकल देवासच्या रस्त्यावर एका ट्रकखाली गेली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

मुळेकाका बसने कन्नौदला बसायला गेले. माळव्यात दुःखाच्या घरी जाण्याला 'बैठने जाना' म्हणतात, आणि खरोखर तेच करायचं असतं. बोलायचं काही नसतं. परत आल्यावर त्यांनी मला उभ्याउभ्याच सांगितलं, "त्या घराला आता काही पाठवायचं नाही. दिवाळीचं नाही, हंगामाचं नाही. होळीला नातेवाईक येऊन रंग लावतील, शोक उतरेल, मग बघू." इथे ज्या घरात मृत्यू झाला त्या घराचा पहिला सण मुका असतो. घरात गोड शिजत नाही, कोणी शुभेच्छा देत नाही, लोक येऊन नुसते बसून जातात. आमच्या पार्ट्यांमध्ये अशी दोन-तीन घरं दरवर्षी असायची. मुळेकाकांना ती तोंडपाठ असत आणि सणाच्या आधी ते ती वेगळी काढायला सांगत.

त्याच सुमारास रौनकभैया एमबीए करून परतला. तो वाईट मुलगा नव्हता. येताना मिठाई आणायचा, 'भिया' म्हणून फिटरांच्या खांद्यावर हात टाकायचा. त्याने इंदूरहून एक सीडी विकत आणली होती, तिच्यात देशभरातल्या व्यापाऱ्यांचे पत्ते. आणि एक सॉफ्टवेअर, ज्यात मजकूर एकदा टाकला की प्रत्येकाचं नाव वर आपोआप बसायचं.

"देखो काका, सबको पर्सनल लगेगा. एक क्लिक!"

"लगेगा," मुळेकाका म्हणाले. "होगा नहीं."

पहिल्या धडाक्यात गेलेल्या मेल अर्ध्याअधिक परत आल्या. अहमदाबादच्या एका दातांच्या डॉक्टरने विचारलं की, तुमच्या चाळणीचं मी काय करू. काहींनी शिव्या दिल्या. रौनकभैया किती गेल्या ते बापाला सांगायचा, मुळेकाका उत्तरं किती आली ते विचारायचे. प्रकाशजींना गेलेल्यांचा आकडा आवडायचा.

मग मुळेकाका बिथरले. बरोबर असणं त्यांना पुरत नसे, समोरच्याला ते दिसलंच पाहिजे असा हट्ट असे. खाली कारखान्यात, फिटरांच्या समोर, ते रौनकभैयाला म्हणाले, "युवराज, आपके पिताजी ने लोहे से धंदा बनाया. आप हवा से बना रहे हो. दाँत के डॉक्टर को बेचिए." फिटर हसले. रौनकभैयाही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. तो पार्टिशनमागचा संवाद त्यानंतरचा.

नवरात्र सुरू व्हायच्या आधी एका सोमवारी ते धारहून आले तेव्हा कॉम्प्युटरचा पासवर्ड बदललेला होता. प्रकाशजींनी त्यांना गेटजवळ गाठलं. मी खिडकीतून पाहिलं. प्रकाशजी जमिनीकडे बघून बोलत होते आणि मुळेकाका प्रकाशजींच्या डोक्यावरून कारखान्याच्या पाटीकडे. निरोपसमारंभ झाला नाही. खणातला लाल पेन्सिलींचा जुडगा न्यायला ते वर आले. "धारला कॉम्प्युटरची दुकानं आहेत," ते मला म्हणाले. "माझी मेल तिथे कशी उघडायची ते एकदा सांगा." मी सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि खाली उतरून गेले.

हिंदी पत्रं आता रौनकभैया स्वतः पाठवू लागला. मला फक्त इंग्रजी ठेवलं. दिवाळीला त्याने सगळ्या पार्ट्यांना मेल सोडली. पणत्यांचं चित्र, नव्या यंत्रावर सूट, वर प्रत्येकाचं नाव, आणि खाली 'विनीत, मुळे'.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं आणि पहिला फोन मी उचलला. "कन्नौद से बोल रिया हूँ," गोवर्धनजी म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "मुळेजी ने म्हारा मर्या छोरा के दिवाळी की बधाई भेजी है. उनके कई दीजो, अब म्हारे घरे मत आवे."

मुळेजींनी आता घरी येऊ नये, एवढा निरोप देऊन फोन ठेवला गेला.

नंतर सगळं कळलं. दिनेशच्या पत्त्यावर आलेली मेल त्याच्या धाकट्या बहिणीने पाहिली. मुळेजींचं नाव पाहून, न वाचताच छापून घरी नेली. ओसरीवर नातेवाईक बसायला आलेले. मुळेजींनी दोन शब्द धीराचे लिहिले असतील म्हणून कोणीतरी मोठ्याने वाचायला घेतलं. 'प्रिय दिनेशजी, इस दिवाली आपके आँगन में खुशियों की बौछार हो.' दिनेशची बायको आतल्या खोलीच्या दाराशी उभी होती.

मी रौनकभैयाला सांगितलं. तो खरोखर चुकचुकला. "ओह! डेटा अपडेट नहीं हुआ. वो नाम हटा देना, मॅडम."

त्याच दुपारी मुळेकाका आले. ते सरळ कन्नौदहून आले होते. पहिल्या दिवाळीला त्या घरी बसायला म्हणून गेले, आणि गोवर्धनजींनी त्यांना आत घेतलं नाही. शर्टाच्या खिशातून त्यांनी घडी घातलेला कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. तीच मेल होती, पण वर 'प्रिय मुळेजी' असं नाव. जुन्या पत्त्यांत त्यांचा स्वतःचा पत्ताही होता.

"धारच्या दुकानात उघडली," ते म्हणाले. "मी मला दिवाळीच्या शुभेच्छा दिल्यात. घरी हसलो आम्ही. कन्नौदला कळलं की, मी आणखी कोणाकोणाला दिल्यात."

रौनकभैया केबिनमधून बाहेर आला, मागे प्रकाशजी. मुळेकाका भांडले नाहीत. युवराज म्हणाले नाहीत. हात खिशात घालून त्यांनी एकच गोष्ट मागितली. "एक लाइन लिखिए. गोवर्धनजी के घर, बस उनके घर. कि वो चिट्ठी मेरी नहीं थी."

"काका, बैठो ना. पानी पियो."

"एक लाइन."

"देखो काका, फिर वो पूछेंगे आपका नाम क्यों डाला. फिर बाकी पार्टियाँ पूछेंगी. कंपनी की इमेज का सवाल है. थोड़े दिन में भूल जाएँगे लोग."

"वो लड़का था उनका. कैसे भूलेंगे?"

प्रकाशजी म्हणाले, "मुळेजी, मिठाई तो लेते जाओ." काय बोललो ते कळल्यावर ते केबिनकडे वळले.

मी पाण्याचा ग्लास घेऊन खाली गेटपर्यंत गेले. मुळेकाका रस्त्याच्या कडेला टेम्पोची वाट बघत उभे होते. ऊन होतं. उजवा हात खिशाबाहेर आला होता, थरथरत होता आणि त्याच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"आयुष्यभर पत्र माझं आणि सही दुसऱ्याची," ते म्हणाले. "आता सही माझी आणि पत्र दुसऱ्याचं. चित्राबाई, यातलं पहिलं बरं होतं. तेव्हा निदान कोणाच्या ओसरीवरून परतावं लागलं नव्हतं."

मला वाटलं, मी काहीतरी बोलायला हवं. इंग्रजीत एक वाक्य तयार होतं, ते कामाचं नव्हतं. टेम्पो आला. पाणी तसंच माझ्या हातात राहिलं. आत दाटीवाटीने बसलेल्या बायकांनी सरकून जागा केली, ते वाकून चढले आणि तोंड पलीकडे करून बसले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

होळीच्या आधी, हंगामातल्या गव्हासाठी, एजंटांचं संमेलन भरवायची प्रकाशजींची पद्धत होती. त्या वर्षी रौनकभैयाने ते हॉटेलच्या हॉलमध्ये ठेवलं. स्टेजवर पडदा, पडद्यावर मथळा: 'ईमेल मार्केटिंग के फायदे'. लॅपटॉप सांभाळायला मी स्टेजच्या कोपऱ्यात बसले होते. तो सांगेल तेव्हा मी पडद्यावरचं चित्र बदलायचं.

त्याने सांगितलेले फायदे खरेच होते. खर्च नाही. ताबडतोब पोचते. उत्तरावरून माणूस कळतो. तक्रार विचारली की गिऱ्हाईक परत येतं. एका गिऱ्हाइकाला क्षमता हवी असते, दुसऱ्याला किडे न मारणारं यंत्र हवं असतं, त्याला त्याचं सांगावं. "ये हमारी कंपनी की स्ट्रेटेजी है," तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर पीपलरावांच्या सोसायटीला मी टाइप केलेलं पत्र होतं. त्याच्या खालचं 'विनीत, मुळे' कापलेलं होतं.

तिसऱ्या रांगेत गोवर्धनजी बसले होते. पांढरा गमछा, दाढी वाढलेली. ते येतील असं कोणाला वाटलं नव्हतं, पण एजन्सीवर घर चालत होतं. टाळ्या थांबल्यावर ते उठले.

"भिया, एक बात पूछनी है. वो दिवाळीवाली चिट्ठी. मुळेजी ने ही भेजी थी के?"

त्या चिठ्ठीचं हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकलं होतं.

रौनकभैया माइकजवळ सरकला. मग आवाज मऊ करून म्हणाला, "दादा, क्या बोलूँ. बुजुर्ग आदमी थे. उमर हो गई थी, याद नहीं रहता था उनको. गलती हो गई उनसे. इसीलिए फिर हमने उनको आराम दे दिया. कंपनी की तरफ से मैं माफी माँगता हूँ."

त्याने हात जोडले. चांगले जोडले. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी समजुतीने माना हलवल्या. प्रकाशजी पायांकडे बघत होते. गोवर्धनजी खाली बसू लागले, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं की त्यांचं समाधान होतंय. राग जाऊन त्या जागी कीव येत होती. बिचारा म्हातारा, त्याला काही आठवत नाही. आता कन्नौदच्या त्या घरात मुळेकाकांबद्दल कायमचं एवढंच राहणार होतं.

मी उठले. माझ्याजवळ माइक नव्हता. रौनकभैयाला वाटलं लॅपटॉप बिघडला, तो पडद्याकडे बघायला लागला. पत्र वाचून दाखवायचे तशी मी मोठ्याने बोलले.

"दादा, आपके घर बैठने जो आए थे, वो मुळेकाका थे. वो दिवालीवाली चिट्ठी रौनकभैया ने उनका नाम डालके भेजी. मुळेकाका को तो नवरात्रि से पहले ही निकाल दिया था."